शून्याचं टोक

माझ्या स्कूटीच्या डिकीत तीस मीटरचा टेप कायम असतो. शिरूर अनंतपाळ तालुक्यात मी विशेष शिक्षिका म्हणून फिरते. ब्रेलची पाटी, ओवायचे मणी, लाकडी ठोकळे, चित्रकार्डं, घडीची सतरंजी, हे माझ्या कामाचं सामान. टेप त्यात बसत नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो कशाला म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी थोडक्यात उत्तर दिलं. इथं सविस्तर सांगते, कारण माझ्या कामाबद्दल मी अलीकडं जे शिकले त्यातलं बरंचसं या टेपानं शिकवलं. आणि तो माझ्या हातात दिला, तो मी कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या काही खेळाडूंनी.

आधी टक्क्यांचं सांगावं लागेल. आमच्या लातूर जिल्ह्यात टक्का या शब्दाला फार मान. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालानंतर चौकाचौकांत मुलांचे फोटो लागतात आणि फोटोखाली टक्के. घरणी नदीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मी २०१८ साली पहिल्यांदा गेले, तेव्हा म्हातारी आजी म्हणाली, "आमच्या लेकराला पंच्याहत्तर टक्के पडले, मॅडम." मला क्षणभर कळलंच नाही. तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून माझ्या हातात दिला. नातीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं. त्या घरात त्या कागदाइतकं जपलेलं दुसरं काही नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. चाळीस टक्क्यांच्या आत राहिलं की सवलती नाहीत, सरकारी अनुदानाचा पगार नाही. चाळीसची ती रेघ ओलांडावी म्हणून मी कितीतरी लेकरांना घेऊन पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलेलं आहे, त्यांच्या आयांबरोबर रांगेत बसलेली आहे. १९९५च्या कायद्यात सातच प्रकारांना जागा होती, २०१६च्या कायद्यानं एकवीस प्रकार धरले, तेव्हा वर्षानुवर्षं कागदाबाहेर राहिलेली लेकरं कागदात आली. या टक्क्याला मी कमी लेखत नाही.

पण तो मोजतो काय? सांधा किती कमी वळतो, स्नायू किती कडक आहे, चालणं किती बिघडलं आहे. जे नाही त्याची बेरीज. एकदा ती बेरीज कागदावर आली, की घरचे, शाळेचे, गावचे आणि माझ्यासारख्या कामातल्या बायकासुद्धा लेकराकडं त्या आकड्यातूनच बघायला लागतात. पंच्याहत्तर टक्के गेलेली पोरगी. राहिलेलं काय आहे, हे विचारायला त्या अर्जात रकाना नाही, आणि माझ्याही डोक्यात तो नव्हता.

ती पोरगी तेव्हा दहा वर्षांची होती. सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली. पाय कडक, उभी केली की कात्रीसारखे एकमेकांत जाणारे, टाचा जमिनीला न लागणाऱ्या. बोलणं थोडं अडखळत, पण बुद्धी तल्लख. घरी जाऊन शिकवायच्या यादीत तिचं नाव होतं. मी आठवड्यातून एकदा जायची, पायांना ताण द्यायची, अक्षरं गिरवून घ्यायची, वहीवर पालकाची सही घेऊन निघायची.

जानेवारीतल्या एका सकाळी ती घरी नव्हती. ज्वारी हुरड्यात आली होती आणि बापानं तिला राखणीला नेलं होतं. बांधावर बाज टाकलेली, बाजेवर ती, आणि शेजारी बापानं रचून दिलेला ढेकळांचा ढीग. पाखरांचा थवा उतरला की ती डाव्या हातानं बाजेचा गात घट्ट धरायची, अंग मागं न्यायची आणि उजव्या हातानं ढेकूळ भिरकवायची. काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ दगडासारखं असतं. ते पार ज्वारीच्या मधोमध जाऊन पडायचं. मी बांधावर उभी राहून बघत राहिले. महिनोन्‌महिने त्या पोरीच्या पायांवर काम करत होते, तिच्या खांद्याकडं मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

तरी तेव्हाही मला काही सुचलं नाही. सुचायला २०२१चा ऑगस्ट उजाडावा लागला.

टोकियोत पॅरालिम्पिक चालू होतं. आमच्या शिक्षकांच्या गटावर कुणीतरी एक बातमी टाकली: मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव, गोळाफेक. मुखेड आम्हाला परका मुलूख नाही. उदगीर ओलांडून पुढं गेलं की नांदेड जिल्ह्याचा तो कोपरा लागतो, आमच्या कितीतरी लेकी तिकडं दिलेल्या आहेत. म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ शोधला. लोखंडी चौकट जमिनीला पट्ट्यांनी आवळलेली, त्यावर बसलेली बाई, एका हातात उभा दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात मानेशी टेकवलेला गोळा. अंग मागं गेलं, दांडा ओढला, गोळा सुटला. मला बाज दिसली, गात दिसला, ढेकूळ दिसलं.

भाग्यश्रीताई टोकियोत ७ मीटरवर सातव्या आल्या. त्यांचा गट एफ ३४. त्या रात्री मी हा एफ ३४ म्हणजे काय ते वाचत बसले. एफ म्हणजे मैदानी फेकीचे प्रकार. ३१ ते ३८ हे गट मेंदूच्या इजेमुळं किंवा तशाच कारणानं ज्यांच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडला आहे त्यांचे. त्यातले ३१ ते ३४ बसून फेकणारे. ३४ म्हणजे पाय फारसे साथ देत नाहीत, पण हात आणि खांदे चांगले चालतात. भाग्यश्रीताईंचं अपंगत्व जन्मापासूनचं नव्हे, तरुणपणी आलेलं. तरी माझ्या वाडीवरच्या पोरीचंच वर्णन कुणीतरी सातासमुद्रापार बसून लिहून ठेवलंय असं मला वाटलं. आणि ते लिहिताना त्यांनी 'हात चांगले चालतात' हेही लिहिलं होतं.

हे गट कशासाठी, हे मी पुढं पालकांना कुस्तीच्या भाषेत सांगायला लागले. आमच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड म्हणजे पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. या भागात कुस्ती न कळणारा माणूस विरळा. यात्रेतल्या फडात पंच काय करतात? दोन गडी शेजारी उभे करतात, अंगलट बघतात, वजन बघतात, आणि मग जोड लावतात. वीस वर्षांच्या गड्याची चौदा वर्षांच्या पोराशी कुस्ती कुणी लावत नाही, लावली तर लोक उठून जातील. पॅरालिम्पिकमधले गट म्हणजे अशी लावलेली जोड. जोड लागली की मग दया-माया नाही. जो पाडेल तो जिंकेल.

एवढं कळून मी त्या पोरीला खेळायला नेलं, ते २०२२च्या डिसेंबरात. दिव्यांग दिनानिमित्त कार्यक्रम होता. कुठं आणि कुणाचा, ते सांगत नाही, कारण करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि असे कार्यक्रम मीही केलेले आहेत. मंडप होता, हार होते, मुलांना खाऊ होता. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, आणि शेवटी गोळाफेक. तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, खुर्ची सरकू नये म्हणून दोघांनी मागून धरली. तिनं गोळा उचलायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. तिनं फेकला. टाळ्या वाढल्या. माईकवरून तिच्या जिद्दीचं कौतुक झालं. एकानं गोळा उचलून पुढच्या मुलाच्या हातात दिला. जिथं पडला तिथं कुणी खूण केली नाही. सगळ्या मुलांना सारखं प्रमाणपत्र मिळालं.

परत येताना जीपमध्ये ती गप्प होती. वाडीचं वळण आल्यावर म्हणाली, "मॅडम, माझा किती पडला?"

मी म्हणाले, "छान पडला की गं."

"छान म्हणजे किती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीसुद्धा टाळ्याच वाजवत होते. दहा वर्षांहून जास्त काळ मी या कामात होते आणि एका चौदा वर्षांच्या पोरीनं मला विचारलेला तो सगळ्यात साधा, सगळ्यात न्याय्य प्रश्न होता. शेजारच्या शाळेतल्या धडधाकट मुलीनं गोळा फेकला असता तर पीटीचे सर टेप घेऊन धावले असते. हिच्या फेकीला मोजण्याच्या लायकीचं कुणी समजलं नाही, आणि ते आम्ही तिच्यावरच्या प्रेमापोटी केलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या पगाराला उदगीरला जाऊन टेप घेतला. फायबरचा. कापडी टेप ओढला की ताणतो आणि चुकीचं सांगतो, हे दुकानदारानं सांगितलं.

टेप आल्यावर बाकीचं एकेक उभं राहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीवरून फेकताना अर्धा जोर खुर्ची खाते, कारण फेकणाऱ्याचा जोर पाठीतून खाली जातो आणि खालची बैठक हलली की गोळ्यापर्यंत तो पोचतच नाही. म्हणून चौकट हवी. नियम मी लिहून काढले होते: बसायची जागा उशीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, धरायला उभा दांडा चालतो पण तो वाकता कामा नये, आवळायचे पट्टे ताणणारे नकोत, आणि फेकताना बूड जागेवरून उचललं की फाऊल. तो कागद घेऊन मी शिरूरमधल्या एका वेल्डिंगवाल्याकडं गेले. तो नांगराचे फाळ आणि ट्रॉलीच्या फळ्या सांधणारा माणूस. कागद वाचून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पोरगी बसती कशी? एकदा घेऊन या, नाहीतर मी येतो." दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर वाडीवर आला, तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं, हात पुढं करायला लावून दांडा कुठं हवा ते खडूनं भिंतीवर आखलं. चौकोनी पाइप, खाली अँगलची चौकट, चार कोपऱ्यांना कड्या. टॅक मारून आधी तिला बसवून बघितलं, दांडा दोन बोटं पुढं घेतला, आणि मगच पक्की वेल्डिंग केली. माझ्या नोकरीच्या काळात साहित्यवाटपाच्या अनेक शिबिरांना मी हजर राहिले आहे. तिथं खुर्ची आधी येते आणि लेकरू तिच्यात बसवलं जातं. इथं पहिल्यांदा लोखंड लेकराच्या मापानं वळलं. मजुरी न घेता त्यानं फक्त पाइपाचे पैसे घेतले.

चौकट जमिनीला बांधायचं काम बापाचं. त्यानं उभी हयात देवणी बैल सांभाळलेत. खुंटा किती खोल ठोकायचा, कुठल्या अंगाला कलता ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "बैल हालत नाही, ही खुर्ची काय हालंल?" असं म्हणून त्यानं चार खुंटे ठोकले आणि चऱ्हाटानं चौकट आवळली. पहिल्याच फेकीला खुर्ची पुढं झुकली. चऱ्हाट ताणलं होतं. मग ट्रकवर माल आवळायचे पट्टे आणले, ते ताणत नाहीत. तरी आमची काळी माती आपलं म्हणणं मांडायचीच. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि खुंटा दातासारखा सैल होतो. पावसाळ्यात लोण्यासारखी होते, खुंटा हातानं उपसून येतो. दिवाळीनंतर ती ओलही राखते आणि घट्टही धरते, तेव्हाचे तीन-चार महिने आमच्या सरावाचे खरे महिने. तिच्या वहीत फेकीच्या आकड्याशेजारी मातीची नोंद असते: 'भेगा', 'चिखल', 'चांगली'.

या वहीचं सांगायला हवं, कारण ती माझ्या हातची नाही. त्याच वाडीत आणखी एक मुलगा आहे. त्याला स्नायूंचा असा आजार आहे, की दरवर्षी ताकद थोडी थोडी कमीच होत जाते. आठवीपर्यंत तो भिंत धरून चालायचा, आता आई उचलून बाहेर आणते. टोकियोनंतरच्या माझ्या उत्साहात मी त्याला खेळाडूंचे व्हिडिओ दाखवले. बघ, हात नसलेला माणूस पोहतो, पाय नसलेली बाई बॅडमिंटन खेळते, मग तू का नाही? त्यानं सगळं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्यांचा आजार थांबलेला आहे. माझा चालू आहे."

मी त्याची माफी मागितली. त्या खेळाडूंना मी छडीसारखं वापरलं होतं. असं घरोघरी होतं, गावोगाव होतं. एखादी मोठी बातमी आली की ती नेऊन अंथरुणावरच्या लेकरासमोर धरायची आणि म्हणायचं, बघ. त्या खेळाडूंना हे कळलं तर त्यांना वाईट वाटेल अशी माझी खात्री आहे, कारण जोड न बघता कुस्ती लावू नये हा तर त्यांच्या खेळाचा पाया आहे. तो मुलगा आकड्यांचा पक्का. क्रिकेटच्या सगळ्या सरासऱ्या त्याला पाठ. त्यानं स्वतःच सांगितलं की फेकींची वही तो लिहील. बोटांत जोर आहे तोवर लिहितो, परवा परवापासून काही आकडे मोबाईलमध्ये बोलून ठेवतो. तारीख, वेळ, वारा, माती, सहा फेकी, फाऊल असेल तर फुली. खाडाखोड नाही.

पहिल्या दिवसाची नोंद २.१८ आहे. गोळा दोन किलोचा, खुर्ची प्लास्टिकची. लोखंडी चौकटीवरची पहिली २.७४. पट्टे बदलल्यावर ३.०६. या तीन आकड्यांमध्ये तिची ताकद फारशी वाढलेली नव्हती. वाढली होती ती बैठकीची पकड. हे मला त्या वहीनं दाखवलं, आणि मग मी तालुक्यातल्या बाकीच्या लेकरांकडंही तसं बघायला लागले. वर्गात अक्षर खराब काढणाऱ्या एका मुलाचं टेबल चार बोटं खाली घेतलं, आणि महिन्याभरात अक्षर सुधारलं. त्याचा हात खराब नव्हता, टेबल उंच होतं. इतकी वर्षं मी हात दुरुस्त करत बसले होते.

२०२४च्या २८ ऑगस्टला रात्री साडेअकरा वाजता पॅरिसचा उद्घाटन सोहळा सुरू झाला. त्या रात्री मी वाडीवरच मुक्काम केला. आजी, आई-बाप, भाऊ, शेजारची चार माणसं, एका मोबाईलभोवती. या वेळी सोहळा स्टेडियमबाहेर, शहराच्या मोठ्या चौकात होता. भारताचं पथक आलं तेव्हा तिरंगा दोघांच्या हाती होता, भालाफेकीतला सुमित अंतिल आणि होनवडजची भाग्यश्री जाधव. आजीनं विचारलं, "ही आपल्या मुखेडकडची?" हो म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि मोबाईलला हात जोडले. मला भरून आलं होतं. पोरगी मात्र चाकांच्या खुर्चीकडं बघत होती, ध्वजाची काठी कशी धरली आहे ते बघत होती.

पुढच्या आठवड्यात ताईंची स्पर्धा झाली. ७.२८ मीटर, पाचव्या. त्याआधी हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं होतं, आणि पॅरिसच्याच वर्षी मे महिन्यात कोबेच्या जागतिक स्पर्धेतही रौप्य. पॅरिसमध्ये पदक आलं नाही. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटलं, पण वहीवाल्या मुलानं टोकियोचा आकडा काढून दाखवला: तीन वर्षांत २८ सेंटिमीटर पुढं आणि सातव्यावरून पाचव्या. तो म्हणाला, "वाढ आहे." मला वाटतं भाग्यश्रीताईंचं त्या दिवशी कुणी केलेलं ते सगळ्यात खरं कौतुक होतं.

त्याच स्पर्धेत ४ सप्टेंबरला आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीला एफ ४६ गटात गोळाफेकीचं रौप्य मिळालं. १६.३२ मीटर. लहानपणी सायकलवरून पडल्याचं निमित्त होऊन त्याचा डावा हात निकामी झालेला. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा गोळा १६.३८वर पडला. सहा सेंटिमीटर, माझ्या चार बोटांची रुंदीही नाही. दोघांनी एका वजनाचा गोळा फेकला, एका टेपानं मोजला गेला आणि त्या चार बोटांनी सोन्या-चांदीचा निकाल लागला. हे मी पोरीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. सचिनला कुणी 'छान पडला' म्हणून सोडून दिलं नव्हतं.

पॅरिसहून भारतानं २९ पदकं आणली, ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. रिओत २०१६ला चारच होती. त्या महिन्यात सत्कार झाले, मोठमोठे फलक लागले. व्हायलाच हवेत. मी त्यांत मनापासून सामील आहे. पण सत्काराला उशीर झाला तरी मोजलेला आकडा थांबत नाही, हे मला सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांकडं बघून जाणवतं. लष्करातला बॉक्सर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालची ताकद गेलेली. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ दिली. जागतिक विक्रम, आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ला, म्हणजे ४६ वर्षांनी. 'चंदू चॅम्पियन' हा त्यांच्यावरचा सिनेमा आल्यावर त्यांचं नाव आमच्या वाडीपर्यंत पोचलं. या सगळ्या काळात लोक त्यांना विसरले असतील, पण ३७.३३ कागदावर होता तसाच होता. त्या दिवशी हायडेलबर्गच्या काठावर कुणीतरी घड्याळ लावून उभं होतं म्हणून.

पॅरिसनंतरच्या रविवारी पोरीनं भावाला सांगून शाळेतून फक्की आणवली. चौकटीपासून ७.२८ मोजायला लावलं आणि तिथं पांढरी रेघ मारून घेतली. मग बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसली. तिच्या रेघा तीनच्या आसपास होत्या, गोळा दोनच किलोचा. ताईंचा गोळा तीन किलोचा असतो, हेही तिला ठाऊक होतं. मला वाटलं, आता हिचं मन मोडणार. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "लांब आहे." आणि गोळा उचलला. तिच्या आवाजात हार नव्हती. एखाद्या गावाला जायचं ठरवून अंतर विचारावं, तसा तो आवाज होता.

ती ताईंइतकी पुढं जाईल का, मला माहीत नाही. तिच्या आईबापालाही मी तसं कधी सांगितलेलं नाही. त्यांना सांगते ते एवढंच, की बसून बसून तिच्या पाठीला येऊ लागलेला बाक आता थांबला आहे, ती स्वतःच्या हातानं बाजेवरून चौकटीवर सरकते, आणि दहावीचा अर्ज भरताना तिनं सही स्वतः केली. आजी अजून पेटीतला कागद जपते. पण हल्ली पाहुणा आला की पंच्याहत्तर टक्क्यांचं सांगत नाही. "तीनच्या पुढं टाकती," असं सांगते.

टेपाचं एक राहिलं. सुरुवातीची दोन वर्षं मी चुकीचं मोजत होते. शून्याचं टोक चौकटीपाशी धरायचे, टेप गोळ्याच्या खुणेपर्यंत ओढत न्यायचे आणि तिथं वाकून आकडा वाचून ओरडून सांगायचे. गेल्या हिवाळ्यात मैदानी स्पर्धांना पंच म्हणून जाणारे एक सर सरावाला आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, उलटं आहे. शून्य नेहमी गोळा पडतो तिथं. टेप वर्तुळाकडं आणायचा, आणि आकडा वाचायचा तो फेकणाऱ्याच्या अंगाला. दोन सेंटिमीटरच्या मध्ये आला तर खालचा धरायचा."

मी टेपाचं टोक घेऊन खुणेपाशी गेले. जमिनीत उमटलेल्या खळगीच्या अलीकडच्या कडेला शून्य टेकवलं आणि बापानं दुसरी बाजू ओढत चौकटीपर्यंत नेली. मग त्याच्या लक्षात आलं, की त्याला वाकायची गरज नाही. टेप पोरीच्या पायापाशीच आला होता. त्यानं तो उचलून तिच्या हातात दिला.

ती बराच वेळ वाकून बघत होती. मी लांब, खुणेपाशी ओणवी. मला आकडा दिसत नव्हता.

"चौपन्न... नाही," ती म्हणाली. "मध्ये आहे."

"मग खालचा धर," मी ओरडले.

तिनं टेपावर अंगठा ठेवला आणि बाजेवर वही घेऊन बसलेल्या मुलाकडं मान वळवली.

"तीन मीटर त्रेपन्न. लिही."